कुंकू लावलेली डिस्क

दोन डिस्कांपैकी एकीवर कुंकू होतं.

मी सर्व्हरच्या कॅबिनेटचं झाकण काढून भिंतीला टेकवलं आणि टॉर्च आत धरला. बोटभर धूळ, पंख्याच्या पात्यात अडकलेली झेंडूची एक वाळकी पाकळी, आणि खालच्या खाचेतल्या डिस्कच्या कडेला कुंकवाचं बोट. त्यावर दोन अक्षता चिकटलेल्या. वरच्या खाचेतली डिस्क कोरी होती. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, चाळीस-चाळीस जीबीच्या. मला हसूच आलं. म्हटलं, आप्पांनी खूण करून ठेवली आहे, आता विचारायला नको.

सकाळचे अकरा वाजले होते. बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि माझे हात शिवशिवत होते. ज्या कामासाठी कुणीतरी ‘थांब’ म्हटलंय ते काम समोर पडलेलं असलं की मला खुर्चीत धड बसता यायचं नाही. तेव्हाही येत नव्हतं.

ही दोन हजार नऊच्या सप्टेंबरमधली गोष्ट. नाशिक जिल्ह्यातल्या एका द्राक्ष बागायतदार संघात संगणक सांभाळायला लागून मला तीन महिने झाले होते. पुण्यात कोर्स करून आलेली, चोवीस वर्षांची, आणि आपल्याला सगळं येतं अशी खात्री असलेली. संघाचा सर्व्हर म्हणजे कार्यालयाच्या मागच्या खोलीत लाकडी टेबलावर ठेवलेलं सात वर्षांचं एक जुनं यंत्र. त्याच्यावर एकच पान होतं. रोज सकाळी पावणेसातला त्या पानावर चार आकडे पडायचे: किमान तापमान, कमाल तापमान, हवेतला ओलावा, आणि रात्री पान किती तास ओलं राहिलं. खाली एक ओळ असायची, ‘आज फवारा’ किंवा ‘आज थांबा’. सोळा गावांतल्या सोसायट्यांमध्ये कुणीतरी ते पान उघडायचं आणि बाहेरच्या फळ्यावर खडूनं उतरवायचं. छाटणीनंतर वेलीचे डोळे फुटायला लागले की डाऊनी नावाचा रोग टपलेलाच असतो. त्या दिवसांत एक फवारा चुकला तर अख्खी बाग हातची जाते. त्यामुळे लोक चहाच्या आधी फळा वाचायचे.

ती एक ओळ ठरवायचे आप्पा. रंगनाथ आप्पा गडाख, हायस्कुलातले भूगोलाचे निवृत्त मास्तर. कार्यालयाच्या मागे पांढऱ्या झडपांच्या पेटीत त्यांची तापमापकं टांगलेली होती. अकरा वर्षं, रोज सकाळी सहाला, एकही दिवस न चुकता त्यांनी तिथे आकडे टिपले होते. आजचे आकडे ते मागच्या दहा वर्षांतल्या त्याच दिवसांशी ताडून बघायचे आणि मग ओळ लिहायचे. पहिली सहा वर्षं त्यांनी वह्यांत लिहिलं. पुढे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, वहीच्या रेघा दिसेनात, तेव्हा ते सरळ यंत्रावरच बोराएवढी अक्षरं करून आकडे भरायला लागले. शेवटची पाच वर्षं त्यामुळे कुठल्याच वहीत नव्हती. ती फक्त त्या यंत्रात होती. आधीची सहा वर्षंही यंत्रात उतरवून झाली होती, आणि त्या वह्या पुढे वाळवीनं खाल्ल्या.

आठ दिवसांपूर्वी एका सकाळी त्या पानावर आकड्यांच्या जागी कसल्याशा परदेशी गोळ्यांची जाहिरात आली. एका गावात कुणीतरी तीही इमानदारीनं फळ्यावर उतरवायला घेतली होती, दोन ओळी लिहिल्यावर त्याला शंका आली. मी पाहिलं तर कुणीतरी बाहेरून आत शिरलं होतं. यंत्र ज्या प्रणालीवर चालायचं ते लिनक्स इतकं जुनं होतं की त्याच्या भोकांना ठिगळं येणंही कधीच बंद झालं होतं. हे बदलल्याशिवाय इलाज नाही, असं मी अध्यक्षांना सांगितलं, आणि सांगताना मला वाईट वाटण्यापेक्षा आनंदच जास्त झाला.

लिनक्स एक नसतं, हे आप्पांना समजावून सांगताना मला वाटलं होतं की म्हातारा गोंधळेल. गाभा एकच असतो आणि त्याच्यावर वेगवेगळ्या लोकांनी आपापली मांडणी केलेली असते, असं काहीबाही मी सांगत होते. आप्पा मध्येच म्हणाले, “म्हणजे खुंट एकच आणि वर कलम केलेले वाण वेगवेगळे.”

मी म्हटलं, हो, तसंच.

“मग आपल्या जमिनीला मानवेल तो वाण घ्यायचा. लोकांच्या बागेत काय छान दिसतं ते बघायचं नाही.”

त्यांतलं मला उबंटू हवं होतं. पुण्यात सगळे तेच वापरायचे आणि ते दिसायला देखणं होतं. आमच्या यंत्राची मेमरी सगळी मिळून दोनशे छप्पन्न एमबी, म्हणजे ते त्याला पेलणारं नव्हतं, तरी मी सीडी घालून बघितलीच. माऊसचा बाण हलवला की चार सेकंदांनी हलायचा. मग सेंटओएस काढलं, कारण ते मला क्लासमध्ये शिकवलं होतं. तेही आमच्या यंत्राला जडच जात होतं. दोन दिवस मी सीड्या घालत आणि काढत होते, आणि आप्पा शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारत होते, “हिला लागतं किती?” शेवटी डेबियन सीडीवरून चालवून पाहिलं. खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. यंत्र लगेच हुशार झाल्यासारखं वागायला लागलं.

“हेच घे,” आप्पा म्हणाले. “कमी खातं आणि बोलतंही कमी.”

माझा जरा हिरमोड झाला, पण त्यांचं बरोबर होतं.

बुधवारी ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नाशिकला गेले. जाताना मला मागच्या खोलीत बोलावून त्यांनी सगळं नीट सांगितलं. यंत्रात दोन डिस्का आहेत. एक जुनी, यंत्राबरोबर आलेली, तिच्यावर लिनक्स आहे. दुसरी नवी, दोन वर्षांपूर्वी त्यांनी मुद्दाम तशीच शोधून आणवलेली, तिच्यावर अकरा वर्षांचे सगळे आकडे आहेत. नवं लिनक्स जुन्या डिस्कवर टाकायचं. मी विचारलं, आकड्यांची नक्कल कुठे ठेवली आहे का? ते म्हणाले, नाही, आणि आता तू आहेस तर सगळ्यात आधी तेच करायचं.

मग त्यांनी कॅबिनेटवर हात ठेवला. “कुठली कोणती ते मी आल्यावर दाखवतो. शुक्रवारी दुपारी येतो. तोवर झाकण उघडू नको.”

मी मान हलवली. मान हलवायला मला कधीच अडचण नव्हती.

गुरुवारी सकाळी दहाला संघाचे अध्यक्ष विश्वासराव निरगुडे मागच्या खोलीत आले. पान बंद होतं आणि फोनवर ओळ सांगायला आप्पाही नव्हते, त्यामुळे दोन दिवस सोळा गावांचे फोन कार्यालयात येत होते आणि ते सगळे त्यांनाच घ्यावे लागत होते. खिडकीतून बाहेर बोट दाखवून ते म्हणाले, “मॅडम, आभाळ बघितलं का? लवकर छाटलेल्या बागांचे डोळे फुटून राहिले. उद्या सातला लोकांनी फळ्यावर काय लिहायचं?”

‘आप्पा उद्या येतायत, मग करू’ एवढंच मला म्हणायचं होतं. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत पान सुरू होईल. त्यांनी मला संध्याकाळ विचारलीही नव्हती. ते खूश होऊन गेले, आणि जाता जाता म्हणाले की आप्पांच्या मागे लागून लागून मी थकलो, आता तुमच्यासारख्या नव्या माणसांनीच हे हातात घ्यायला पाहिजे. ते शब्द मला फार गोड लागले, हे कबूल करते.

आप्पांना फोन लावला. त्यांच्या सुनेनं उचलला. त्यांना आत्ताच आत नेलंय, दोन तासांनी बोलतील, असं ती म्हणाली. दोन तास. मी खोलीत चार फेऱ्या मारल्या, पाणी प्यायले, पुन्हा खिडकीतून आभाळ बघितलं. मग नुसतं बघायला म्हणून झाकण उघडलं.

आणि कुंकू दिसलं.

माझ्या वडिलांचं ओझरला लेथचं वर्कशॉप होतं. आमच्याकडे नवीन काहीही आलं की पहिल्यांदा कुंकू. नवं मशीन, नवी मोटर, घरात गॅसची नवी शेगडी, मला दहावीत घेतलेला कॅल्क्युलेटरसुद्धा. आई कुंकवाचं बोट आणि दोन अक्षता लावायची, मगच बटण दाबायचं. त्यामुळे मला विचारसुद्धा करावा लागला नाही. कुंकू लावलेली म्हणजे नवी. नवी म्हणजे आकड्यांची. कोरी ती जुनी.

खात्री करायला दोन वाटा होत्या. डिस्कच्या तोंडावर बनावटीची तारीख छापलेली असते. ती बघायला चार स्क्रू काढून डिस्क खाचेतून बाहेर ओढावी लागली असती. किंवा सीडीवरून यंत्र चालू करून एक ओळ टाइप केली असती तरी कुठल्या डिस्कवर काय आहे ते दोन मिनिटांत समोर आलं असतं. दोन्ही गोष्टी मला येत होत्या. मी यांतलं काही केलं नाही. उलट मी जास्तीची काळजी घेतली. चुकूनसुद्धा आप्पांच्या आकड्यांना धक्का लागू नये म्हणून मी कुंकवाच्या डिस्कची वायर काढून ठेवली. आता यंत्राला ती दिसणारच नव्हती. माझ्या हुशारीवर मी स्वतःच खूश झाले.

सीडी घातली. यंत्रानं भाषा विचारली, देश विचारला, कीबोर्ड विचारला. मग विचारलं, पूर्ण डिस्क वापरायची का, तिच्यावरचं सगळं पुसलं जाईल. मी ‘हो’ दाबलं. त्यानं पुन्हा एकदा विचारलं. मी पुन्हा ‘हो’ दाबलं, जरा वैतागूनच.

पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मी टेबल पुसलं, पंख्यातली झेंडूची पाकळी काढली, दारापर्यंत जाऊन दहादा परत आले. मग यंत्र नव्यानं चालू झालं आणि काळ्या पडद्यावर नाव विचारणारी एक ओळ उमटली. पान दाखवणारा वेब सर्व्हर चढवला. पुढच्या खोलीतल्या संगणकावर पान उघडलं तर कोरं पण स्वच्छ पान समोर आलं. जाहिरात नाही, काही नाही. दुपारचा दीड वाजला होता. आता फक्त कुंकवाची डिस्क जोडायची, तिच्यावरचे आकडे घ्यायचे आणि अध्यक्षांना बोलवायचं.

वायर जोडली, यंत्र चालू केलं, डिस्क उघडली. आत एक फाइल पाहिली, मग दुसरी. तारखा दोन हजार दोनच्या. एक पान उघडलं तर त्यावर गोळ्यांची जाहिरात.

मला आधी कळलंच नाही मी काय बघतेय ते. वाटलं, चुकीच्या ठिकाणी बघितलं. सगळे फोल्डर उघडले, पुन्हा उघडले. जुनं लिनक्स होतं. बिघडवलेलं पान होतं. आकडे नव्हते. मी खुर्चीत बसले आणि लगेच उठले, कारण बसवत नव्हतं. पुसलेल्या डिस्कवर काही शिल्लक आहे का ते खरवडून पाहायला लागले. तासाभरात हाती आलं ते एवढंच: दोन हजार सहाच्या जून महिन्यातले अकरा दिवस, तेही अर्धे. बाकीच्यावर माझं नवं लिनक्स ऐसपैस बसलं होतं.

अध्यक्ष तीनला आले. पान सुरू झालेलं बघून त्यांनी हात जोडले. मी म्हटलं, आकडे गेले. ते म्हणाले, कसले आकडे? मी म्हटलं, आप्पांचे. सगळे. त्यांचा चेहरा बदलला. कसे गेले, हे त्यांनी विचारलं आणि मी उत्तर दिलं. ते उत्तर मी आधी ठरवलेलं नव्हतं, एवढंच माझ्या बाजूनं म्हणता येईल.

मी म्हणाले, “आप्पांनी चुकीच्या डिस्कवर खूण करून ठेवली होती.”

आणि कुंकवाची डिस्क त्यांना दाखवली. त्यांनी ती टॉर्चच्या उजेडात बघितली. मग म्हणाले, “दिसत नाही त्यांना. मी वर्षभर म्हणून राहिलो, आप्पा, आता पुरे करा.”

मी गप्प बसले. खोटं बोलत नाहीये, असं मी स्वतःला सांगत होते. खूण होती. खूण चुकीच्या डिस्कवर होती. माझ्या मते हे सगळं खरंच होतं, आणि तरी माझा पाय टेबलाखाली एकसारखा हलत होता.

शुक्रवारी सकाळी पानावर चार आकडे पडले, मीच पेटीतून वाचून घातले. खालची ओळ मला लिहिता आली नाही. सातपासून फोन सुरू झाले. सोळाही गावांतून एकच प्रश्न: फवारायचं की थांबायचं?

दुपारी आप्पा आले. उजव्या डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा, सुनेच्या हाताला धरून. अध्यक्षांनी त्यांना पुढच्या खोलीत बसवलं आणि माझ्यासमोरच सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, पण शब्दही राखून ठेवले नाहीत. अकरा वर्षांचं काम एका बोटभर कुंकवानं घालवलंत, असं ते म्हणाले. आप्पा ऐकत होते. त्यांचा एक हात गुडघ्यावर होता, त्या हाताची बोटं फक्त थोडी आवळली गेली.

मग त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. “कुंकू कुठल्या डिस्कवर होतं, पोरी?”

“खालच्या. आणि तिच्यावर जुनं लिनक्स निघालं.”

“आणि तू वरची पुसलीस.”

“हो.”

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता ते म्हणतील, मी तुला थांबायला सांगितलं होतं. मी त्या वाक्याची वाट बघत उभी होते. त्याचंही माझ्याकडे उत्तर तयार होतं.

“खूण माझीच,” ते अध्यक्षांना म्हणाले. “तिनं खूण बघून काम केलं.”

खिशातून मागच्या खोलीच्या आणि पांढऱ्या पेटीच्या स्वतःजवळच्या जोडकिल्ल्या काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या. अध्यक्ष म्हणाले, दसऱ्याला या मात्र, पूजा तुमच्याच हातची असते. आप्पा हो म्हणाले. जाता जाता दारात थांबून त्यांनी बाहेरची हवा नाकानं ओढली आणि सुनेला म्हणाले, “उद्या फवारायला सांग यांना.” मी ते पानावर टाकलं. शनिवारी सोळा गावांनी फवारलं आणि रविवारी पहाटे धुकं उतरलं.

सोमवारी दसरा होता. पुढच्या खोलीत सतरंजीवर पूजेचं सामान मांडलं होतं: छाटणीच्या कात्र्या, फवारणीचा पंप, वजनकाटा, आणि शेजारी स्टुलावर चालू असलेला सर्व्हर, झाकण काढलेला. आप्पांच्या डोळ्यावरची पट्टी निघाली होती, काळा चष्मा होता. आप्पांनी घरून फडक्यात गुंडाळून दोन कात्र्या आणल्या होत्या. एक नवीकोरी, लाल मुठीची. दुसरी जुनी, पात्याला धार लावून लावून अर्धी झालेली. दोन्ही त्यांनी सतरंजीवर ठेवल्या. कुंकवात बोट बुडवून जुन्या कात्रीला लावलं, दोन अक्षता ठेवल्या. नवीला हातही लावला नाही.

मी शेजारीच उभी होते. मला वाटलं, दिसली नसेल. मी वाकून नवी कात्री पुढे सरकवली. “आप्पा, ही राहिली.”

“राहिली नाही,” ते म्हणाले. “ती नवी आहे.”

“नव्याला लावतात ना कुंकू?”

“तुमच्याकडे लावत असतील. आमच्याकडे नव्याला कसलं कुंकू? तिनं अजून एक वेल छाटलेला नाही. जी राबली तिला लावायचं. माझ्या वडलांचंही तसंच होतं.”

बोलता बोलता त्यांनी बोट पुन्हा कुंकवात बुडवलं आणि सर्व्हरकडे वळले. त्यांची खूण चुकलेली नव्हती. सात वर्षं अखंड चाललेल्या जुन्या डिस्कला त्यांनी दर दसऱ्याला कुंकू लावलं होतं आणि दोन वर्षांच्या नवीला अजून लावायचं होतं. खूण बरोबर होती. वाचणारी चुकली होती. आणि हे त्यांना शुक्रवारीच, माझं ‘खालच्या’ ऐकल्या क्षणी कळलं होतं.

मी जवळ जाऊन हळू आवाजात विचारलं, “तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?”

आप्पांनी आतल्या डिस्कवर हात फिरवला. आता तिथे एकच होती, मी पुसलेली. “बोलून आकडे परत आले असते का? माझे डोळे तर गेलेच आहेत, मी आज ना उद्या जाणारच होतो. तुझं नाव खराब झालं असतं तर हे यंत्र कोणी बघितलं असतं?” मग म्हणाले, “आल्यावर दाखवतो म्हणालो होतो. तेवढं तू लक्षात ठेवायला पाहिजे होतं.”

एवढंच. रागावून नाही, वर्गात एखाद्याच्या वहीवर खूण करावी तसं.

त्याच वेळी अध्यक्ष आपट्याची पानं घेऊन आले. सोनं घ्या म्हणत त्यांनी आधी आप्पांच्या हातात पान दिलं, मग माझ्या. “यंत्र झकास चालून राहिलं, मॅडम,” ते म्हणाले. “आता आमची काळजी मिटली.”

वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. खूण बरोबर होती, मी चुकीची वाचली. सहा शब्द. आप्पा चष्म्याआडून माझ्याकडे बघत होते की नाही ते कळत नव्हतं, पण त्यांनी कुंकवाचं बोट हवेत तसंच धरून ठेवलं होतं. माझी नोकरी, माझे वडील, पुण्याचा कोर्स, असं काय काय माझ्या डोक्यातून गेलं. मी पान घेतलं, कपाळाला लावलं आणि अध्यक्षांना वाकून नमस्कार केला. मग आप्पांनी बोटाचं कुंकू फडक्याला पुसलं. पुसलेली डिस्क त्या वर्षी तशीच कोरी राहिली.

त्यानंतर आप्पा कार्यालयात आले नाहीत. पेटीतले आकडे मी टिपायला लागले. रोज सकाळी सहाला, आणि यंत्राबरोबर वहीतही. ओळ मी लिहायचे, पहिली दोन वर्षं अंदाजानं आणि भीतीनं, पुढे जरा कळायला लागलं. एका वर्षी दोन गावांच्या बागा माझ्या ‘थांबा’मुळे गेल्या. मागच्या अकरा वर्षांशी ताडून बघितलं असतं तर कदाचित वाचल्या असत्या. मला त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. आकडे माझ्यामुळे गेले हे फक्त मला माहीत होतं, आणि आप्पांना.

डेबियन मात्र चाललं. कमी खाल्लं, कमी बोललं, सात वर्षांत एकदाही पडलं नाही. दोन हजार सोळात संघानं नवा सर्व्हर घेतला. जुना बंद करायच्या आदल्या दिवशी मी अध्यक्षांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. सात वर्षं ज्याच्या भीतीनं माझी झोप जात होती, ते ऐकून ते थोडा वेळ आठवतच राहिले. मग म्हणाले, “आता काय त्याचं, मॅडम.” आणि मी दारापर्यंत पोहोचल्यावर म्हणाले, “आप्पांना मात्र मी फार बोललो होतो हो.”

दुसऱ्या दिवशी यंत्र बंद केलं, चार स्क्रू काढून डिस्क बाहेर घेतली, तिच्या कडेला कुंकवाचं बोट लावलं, दोन अक्षता चिकटवल्या आणि आप्पांच्या घरी गेले. ते ओट्यावर खुर्चीत बसले होते. ऑपरेशननंतर काही वर्षं बरी गेली होती, आता नजर जवळजवळ संपली होती. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. मी डिस्क त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती चाचपली, कडेवरून अंगठा फिरवला, अक्षतांशी थांबला.

“राबली का?”

“सात वर्षं.”

“कुणाला सांगितलंस?”

“अध्यक्षांना. काल.”

समोरच्या बागेत कुणीतरी छाटणी करत होतं, कात्रीचा आवाज येत होता.

“एक दिवस थांबता आलं नाही तुला,” आप्पा म्हणाले, “आणि हे सांगायला सात वर्षं थांबलीस.”

त्यांनी चाचपडत हात मागे नेला, खिडकीच्या फळीवर जुनी कात्री होती, तिच्याशेजारी ती डिस्क नीट सरळ करून ठेवली. मग मला शेजारी बसायला सांगितलं आणि विचारलं, आज सकाळी किमान तापमान किती होतं.